नाक बंद, आणि आम्ही जिभेचा क्लास लावला

"आई, नाकातून येतच नाही गं." माझा आठ वर्षांचा मुलगा हे वाक्य सात महिन्यांत मला कितीदा तरी म्हणाला. आणि दर वेळी मी त्याला एकच उत्तर दिलं, "सवय होईपर्यंत असंच वाटतं, थोडं सोस." हे उत्तर मला ज्यांनी शिकवलं, त्यांना आम्ही ३२,८०० रुपये दिले. पैशांचं दुःख आहेच, पण हे लिहितेय ते त्या उत्तरासाठी. आणखी एखाद्या आईच्या तोंडी ते येऊ नये.

आम्ही तासगावला राहतो. मुलगा तोंड उघडं ठेवून झोपायचा, घोरायचा, सकाळी उशीवर लाळेचा डाग असायचा. जेवताना मचमच आवाज करायचा, कारण घास चावताना श्वासही तोंडानेच घ्यावा लागायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, ह्याला एकदा कानाच्या डॉक्टरला दाखव, हाक मारली तरी बघत नाही." मी ते मनावर घेतलं नाही. मला काळजी होती ती दातांची. वरचे पुढचे दात बाहेर येत होते आणि चेहरा लांबट दिसायला लागला होता.

त्याच सुमारास मोबाईलवर एक जाहिरात दिसली. जीभ टाळूला लावून ठेवली की जबडा रुंद होतो, दात आपोआप जागेवर येतात, तारा लावाव्या लागत नाहीत. शनिवारी रात्री मोफत वेबिनार होता. बोलणाऱ्या माणसाच्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेलं होतं. कसले डॉक्टर, हे मी विचारलं नाही.

त्या वेबिनारमधलं बरंचसं खरं होतं, आणि मला वाटतं म्हणूनच आम्ही फसलो. स्वस्थ बसलेलं असताना ओठ मिटलेले, जीभ टाळूला टेकलेली आणि श्वास नाकाने, ही तोंडाची योग्य स्थिती आहे. गाल बाहेरून दाताच्या कमानीला दाबत असतात, त्या दाबाला आतून जीभ तोल देते. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ खाली पडते, तो आतला आधार जातो, वरचा जबडा अरुंद होतो आणि टाळू खोल होतो. तोंड कोरडं पडल्याने लाळेचं काम नीट होत नाही, पुढच्या हिरड्या सुजतात, दात किडायला वाव मिळतो. हे सगळं पुढे मिरजेच्या डॉक्टरांनीही असंच सांगितलं. फरक एकाच प्रश्नात होता: तोंड उघडं का राहतं? वेबिनारवाले म्हणाले, सवय. डॉक्टर म्हणाले, आधी नाक बघू.

त्यांनी पुरावा म्हणून माकडांवरच्या प्रयोगाचे फोटो दाखवले होते. प्रयोग खरा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत एगिल हार्वोल्ड यांनी तो केला होता. पण त्यांनी त्या माकडांच्या नाकपुड्या सिलिकॉनच्या बुचांनी बंद केल्या होत्या. नाक बंद झाल्यामुळे ती तोंडाने श्वास घ्यायला लागली आणि हळूहळू त्यांचे जबडे बदलले. म्हणजे नाकात अडथळा आला की काय होतं, तेच तो प्रयोग दाखवतो. बुचांचा उल्लेख वेबिनारमध्ये कुणी केला नाही.

लंडनच्या 'म्यू' डॉक्टरांचं नावही वारंवार घेतलं गेलं. जॉन म्यू आणि त्यांचा मुलगा माइक म्यू हे ब्रिटिश दंतवैद्य, त्यांच्या नावावरूनच या प्रकाराला 'म्युइंग' म्हणतात. माइक म्यू यांचं नाव ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलने दोन मुलांवरच्या उपचारांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये नोंदणीतून काढून टाकलं. हे मी आधी शोधलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं.

वेबिनार संपताना सांगितलं, आज रात्री बारापर्यंत जिभेच्या व्यायामाच्या क्लासला नाव नोंदवलं तर निम्मी फी. आम्ही २४,५०० रुपये यूपीआयने भरले. तपासणी म्हणून मुलाचे दोन फोटो मागवले, एक समोरून आणि एक बाजूने. कुणी नाकात पाहिलं नाही, घसा पाहिला नाही. दीड महिन्याने सांगितलं, प्रगती कमी आहे, माउथपीस घ्या, ६,५०० रुपये. मग रात्री ओठांवर लावायच्या पट्ट्या, १,८०० रुपये.

त्या पट्ट्यांबद्दल लिहिताना आजही हात थांबतो. मी रोज रात्री माझ्या मुलाच्या ओठांवर पट्टी लावायचे. तो झोपेत दचकून उठायचा आणि ती ओरबाडून काढायचा. क्लासच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "मूल जिद्दी आहे, तुम्ही मऊ पडू नका." मी पुन्हा पट्टी लावायचे. हे म्हणायचे, "नको करूस असं, घाबरतोय तो." मी ऐकलं नाही.

सातव्या महिन्यात शाळेतून बाईंचा फोन आला. तो वर्गात लक्ष देत नाही, मागे बसवला की काहीच लिहून घेत नाही. तेव्हा आम्ही मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी धातूची एक थंड पट्टी त्याच्या नाकाखाली धरली. श्वास बाहेर पडला की पट्टीवर वाफेचे दोन ठसे उमटायला हवेत. डावीकडे काहीच उमटलं नाही, उजवीकडे जेमतेम. मग बाजूने एक्स-रे काढला. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात ॲडेनॉइड नावाची गाठ सगळ्याच मुलांना असते. साधारण तीन ते सात वर्षांच्या दरम्यान ती मोठी असते आणि पुढे किशोरवयात आक्रसते. माझ्या मुलाची इतकी वाढली होती की हवेला वाटच उरली नव्हती. त्याच गाठीने कानाची नळीही दाबली गेली होती, दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. त्याला खरंच कमी ऐकू येत होतं. सासूबाई बरोबर होत्या.

मी पट्ट्यांचं सांगितलं तेव्हा डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, नाक बंद आहे, तोंडही बंद केलंत. मग त्याने श्वास कुठून घ्यायचा?"

आधी काही आठवडे नाकात मारायचा औषधी स्प्रे दिला. तेवढ्याने काही मुलांचं भागतं, आमचं भागलं नाही. भूल देऊन गाठ काढावी लागली, त्याच वेळी कानातलं पाणीही काढलं. आता ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे दात-जबडा जागेवर आणणाऱ्या डॉक्टरांनी, वरच्या जबड्यात रुंदी वाढवणारं उपकरण बसवलंय, त्याची चावी मी रोज एकदा फिरवते. टाळूच्या मधला सांधा किशोरवयात घट्ट होत जातो, म्हणून हे लहानपणीच सोपं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही वाया घालवलेले सात महिने त्याच वयातले होते. जिभेचे व्यायामही आता चालू आहेत, पण नाक मोकळं झाल्यावर आणि शिकलेल्या थेरपिस्टकडे.

तुमचं मूल तोंडाने श्वास घेत असेल तर घरी एवढं करून बघा. ते जागं असताना, शांत बसलेलं असताना त्याला तोंडात पाण्याचा एक घोट धरून ओठ मिटायला सांगा. एक-दोन मिनिटंही चैन पडत नसेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. नाक तपासल्याशिवाय कुणी व्यायाम, माउथपीस किंवा पट्टी विकत असेल तर घेऊ नका. नावाआधी 'डॉ.' असेल तर वैद्यकीय किंवा दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मी विचारला तेव्हा मला ग्रुपमधून काढून टाकलं.

पैसे परत मागितले तर अटींमधलं एक कलम दाखवण्यात आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची, त्यामुळे तिथेही जाणार आहोत. माझ्याकडे पावत्या आहेत, पण ग्रुपमधला 'मऊ पडू नका' हा संदेश त्यांनी पुसला. तुम्ही अशा ठिकाणी अडकला असाल तर आजच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक गोष्ट मला गेल्या महिन्यात कळली. चौथ्या महिन्यात त्यांनी मागितला म्हणून मी मुलाचा फोटो काढून पाठवला होता. "हनुवटी जरा वर, ओठ मिटलेले, उजेड बाजूने" अशा सूचना होत्या. तो फोटो आता त्यांच्या जाहिरातीत 'नंतर' म्हणून फिरतोय, शेजारी 'आधी'चा. काढून टाका म्हणून दोनदा लेखी कळवलंय, उत्तर नाही. हिरव्या दारासमोर उभा असलेला, पिवळ्या टी-शर्टमधला मुलगा तुम्हाला दिसला, तर तो माझा आहे. फोटो काढताना ओठ मिटून तो श्वास रोखून उभा होता, आणि मी "झालं, झालं" म्हणताच त्याने तोंड उघडून धाप टाकली.