अकरा महिने, १४ हजार किलोमीटर आणि डावीकडून येणारा वारा

एका शनिवारी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पाऊण तास उभा होतो, ते चाळीस रुपयांच्या एका रबरी बुशसाठी, म्हणजे स्क्रूमागे बसणाऱ्या छोट्या रबरी तुकड्यासाठी. त्या बुशबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते फुल फेअरिंगवाली, म्हणजे पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकच्या कवचाने झाकलेली मोटरसायकल घेणाऱ्याने सगळ्यात आधी तेच समजून घ्यावं. पण आधी वाऱ्याचं.

गाडी २५० सीसी, दसऱ्याला घेतली. त्याआधी नऊ वर्षं १५० सीसीची उघडी गाडी होती. आई कोल्हापूरला असल्यामुळे महिन्याला दोन फेऱ्या ठरलेल्या, पुण्याहून एका बाजूने साधारण २३० किलोमीटर. जुन्या गाडीवर ऐंशीच्या पुढे सगळा वारा छातीवर यायचा. मागे ढकललं जाऊ नये म्हणून हँडल ओढून धरावं लागे आणि साताऱ्यापर्यंत खांदे भरून यायचे. नव्या गाडीवर पहिल्याच फेरीत किणीला चहाला उतरलो तेव्हा मान मोकळी होती. फेअरिंग पुढचा वारा खांद्यांच्या बाहेरून काढून देते. छातीवर थोडा येतो तोही बरा, मनगटांवरचा भार उचलतो.

पेट्रोलचा हिशोब मी वहीत ठेवतो. ८० ने चालवली की ३७ चा ॲव्हरेज, १०० ने नेली की ३१. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. फेअरिंग असो वा नसो, हे गणित चुकत नाही. दोन फेऱ्यांत जवळजवळ पाच लिटरचा फरक पडतो. मी ८० च्या वर जात नाही.

मे अखेरपर्यंत मी ज्याला त्याला हीच गाडी घे म्हणून सांगत होतो. जून लागला आणि मत फिरलं.

हा हायवे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आणि पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा, म्हणजे बरोबर आडवा. कोल्हापूरहून परत येताना तो डावीकडून लागतो. ट्रकला उजवीकडून ओव्हरटेक करताना ट्रक तुमच्या आणि वाऱ्याच्या मधे असतो. तेवढे तीन-चार सेकंद एकदम शांत. मग केबिनचं टोक मागे पडतं आणि वारा धाडकन डाव्या पॅनलवर आदळतो. वारणेच्या पुढे एकदा गाडी लेनच्या पार उजव्या कडेला गेली, डिव्हायडरमधल्या कण्हेरीची पानं मोजता येतील इतक्या जवळ. त्या रात्री घरी पोचलो तरी हात थरथरत होते. जुनी गाडी अशी कधी सरकली नव्हती, म्हणून सगळा दोष मी फेअरिंगला दिला. गाडी विकायचंही डोक्यात आलं होतं.

त्यात पूर्ण चूक नव्हती. बाजूने जितका पत्रा किंवा प्लास्टिक जास्त, तितका आडवा वारा जास्त धरला जातो. रेसिंगमध्ये १९५० च्या दशकात पुढचं चाकसुद्धा झाकणारी ‘डस्टबिन’ फेअरिंग असायची. सरळ रस्त्यावर वेग भरपूर मिळे, पण आडव्या वाऱ्यात गाडी आवरायची नाही. मोटरसायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेने, एफआयएमने, १९५८ च्या हंगामापासून तिच्यावर बंदी घातली. आजच्या गाड्यांचं पुढचं चाक उघडं असतं, बाजूच्या पॅनलना खाचा असतात आणि फेअरिंग फ्रेमला बसवलेली असते, हँडलला नाही. त्यामुळे झोत आला तरी तो थेट स्टिअरिंग वळवत नाही.

मग माझं हँडल का हलत होतं? हे मला कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या मेकॅनिकने दाखवलं. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “दादा, ह्यो मागचा डबा काढून एकदा पळवून बघा की. आणि हँडल इतकं आवळून धरू नका.” टॉप बॉक्समध्ये माझं आठ किलो सामान असायचं, मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर. तेवढं पुढचं चाक हलकं होतं. शिवाय गाडी घेतल्यावर १,८५० रुपये देऊन मी उंच टूरिंग व्हायजर (फेअरिंगच्या वरची पारदर्शक काच) बसवला होता. त्याच्या कडेवरून सुटलेली हवा नेमकी माझ्या हेल्मेटवर फुटायची. डोकं हलायचं, म्हणून मी अंग ताठ करायचो आणि तो ताठरपणा हातांतून हँडलमध्ये उतरायचा.

डबा काढला, सामान पाठीमागच्या सीटवर आडवं, खाली बांधलं. कंपनीचा बुटका व्हायजर परत लावला. गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल सोडायचे. झोत डावीकडून आला की डावं हँडल तळव्याने किंचित पुढे ढकलायचं. गाडी डावीकडे कलते, वाऱ्यावर रेलते आणि सरळ चालत राहते. जुलैत त्याच रस्त्याने, तशाच वाऱ्यात आलो. ट्रकच्या पुढे निघताना धक्का अजूनही बसतो, पण आता तो हातभराचा आहे, लेनभराचा नाही. विकायचा विचार सोडला.

आता बुश. दुसऱ्या सर्व्हिसनंतर ७५ च्या पुढे डाव्या गुडघ्यापाशी भर्रर्र असा आवाज यायला लागला. आधी इंजिनच वाटलं. पेट्रोल पंपावर थांबून हात लावला तर खालचं पॅनल हलत होतं. सात स्क्रूंपैकी एकामागचा रबरी बुशच नव्हता आणि पॅनलचा कान, म्हणजे स्क्रू बसतो तो प्लास्टिकचा भाग, अर्धा चिरलेला. सैल पॅनल वाऱ्यात फडफडतं, फडफडून चीर वाढते. एखाद्या दिवशी ते सुटून चाकापाशी गेलं तर काय? काउंटरवर उत्तर मिळालं, “प्लास्टिक आहे सर, व्हायब्रेशनने जातंच.” स्टिकरसकट नवं पॅनल ४,६०० रुपये. चूक त्यांची, पॅनल मी का घ्यायचं? शेवटी मॅनेजरने बुश फुकट दिला. कान मी बाहेर प्लास्टिक वेल्डिंग करून घेतला, ३५० रुपयांत. उघड्या गाडीला हा खर्चच नाही. इथे फेअरिंग काढायची-बसवायची मजुरी दर बिलात लागते आणि काढणाऱ्याला घाई असली की असा एक बुश जमिनीवर राहतो.

तेव्हापासून गाडी देण्याआधी प्रत्येक स्क्रूचा फोटो काढतो आणि जॉब कार्डवर ‘पॅनल स्क्रू ७, बुश ७’ असं लिहून घेतो. परत घेताना तिथेच, त्यांच्यासमोर, पॅनलवर बोटाने टिचकी मारून बघतो. घट्ट बसलेलं पॅनल दबका आवाज देतं, सैल असेल तर खडखडतं.

उंच व्हायजर घरात पडून आहे. माझी उंची साडेपाच फूट. सहा फुटांच्या माणसाला कदाचित तो नीट बसेल. बसवण्याआधी एवढंच करा: साठच्या वेगात रिकाम्या रस्त्यावर डावा हात हळूहळू हेल्मेटसमोर वर न्या. हवा जिथे गुळगुळीत वाटते ती जागा डोळ्यांच्या खाली आहे की वर, ते लगेच कळतं.