पेटी आणि लेबलांसाठी रत्नागिरीतला डिझायनर: कुठे भारी, कुठे कमी

आंबा-कोकमवाल्यांची पेट्या-लेबलं करणारा हा डिझायनर मूळचा सावंतवाडीचा. शिक्षण मुंबईत जे. जे. उपयोजित कला संस्थेत, मग जाहिरात एजन्सीत नोकरी, आता रत्नागिरीत एकट्याचा स्टुडिओ. कामावर दोन छाप उघड दिसतात: गावची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आणि कमल शेडगे यांनी केलेली नाटकांच्या नावांची अक्षरं. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते. एवढ्याशा जागेत ठसठशीत रेघ आणि सपाट रंग, बाकी भानगड नाही. पेटीलाही नेमकं हेच लागतं.

पन्हळी खोक्यावर फ्लेक्सो, म्हणजे रबरासारख्या लवचिक साच्याने, छपाई होते. साचा दाबला की शाई रेघेबाहेर पसरते. 'द्ध', 'क्ष' यांच्या पोटातली जागा बुजते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. हा त्या जागा आधीच मोकळ्या करून ठेवतो, बारीक मजकूर रंगाच्या पट्ट्यात कोरा सोडून (कागदाचाच रंग दिसेल असा) ठेवत नाही आणि दोन रंगांत काम भागवतो. फोटोतला आंबाच हवा असेल तर ऑफसेटवर छापलेला कागद खोक्याला चिकटवावा लागतो, खर्च वाढतो. तेही पहिल्याच बैठकीत सांगतो. जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, चिन्ह हवं म्हटलं की आधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागतो. हापूसला मानांकन २०१८ साली मिळालं, पण चिन्ह वापरायला बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते.

कोकम सरबताच्या लेबलावर तर त्याचा हात धरणारा विरळा. बारकोड कोकमी लाल रंगात दिसतो छान, पण दुकानातल्या स्कॅनरचा प्रकाशही लालच, त्याला त्या रेघा दिसतच नाहीत. त्यामुळे बारकोड पांढऱ्यावर काळा, आणि बारीक बाटलीवर आडवा फिरवून, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटून कागद सोलतो, म्हणून लेबल प्लास्टिक फिल्मचं. तारीख-बॅचच्या चौकोनावर वार्निश नाही, नाहीतर तारीख छापणाऱ्या यंत्राची (कोडरची) शाई बोटाने पुसली जाते.

आता उणं. फावल्या वेळात हा हर्णै, मिरकरवाडा अशा बंदरांत होड्यांवरच्या नावांचे फोटो काढत फिरतो. छंद झकास, पण तेच वळण तो सगळ्यांच्या गळ्यात मारतो. सरबताची बाटली आणि होमस्टेची पाटी सख्खी भावंडं वाटतात. सोशल मीडियाच्या पोस्ट त्याच्याकडून करून घेऊ नयेत, त्यात त्याचा जीव नाही.

फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र बनवून, देतो. छापखान्यात फॉन्ट बदलत नाही हे खरं, पण पुढच्या हंगामात किंमत बदलायची तर मजकूर हलत नाही. बदलता येणारी फाइलही मागून घ्यावी.

काम दिवाळीनंतर लगेच द्यावं. फेब्रुवारीत गेलात तर रांगेत शेवटी. आणि साचे पाडण्याआधी नमुना पांढऱ्या कागदावर नाही, खोक्याच्याच तपकिरी कागदावर काढून मागावा. त्यावर पिवळा मातकट पडतो.