गिअरबॉक्सचं तेल कोण थंड करणार: रेडिएटरचं पाणी की समोरचा वारा?

जुन्या फोर बाय फोरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ऑइल कूलर लावायचा म्हटलं की चर्चा लगेच मापांवर जाते. किती प्लेट्स, किती रुंद, किती उंच. पण हा गिअरबॉक्स सगळ्यात जास्त तापतो तेव्हा गाडी कुठे असते? वाळूत रुतत चाललेली, दगडांच्या चढावर रांगणारी, किंवा मागे ट्रेलर घेऊन घाट चढणारी. वेग ताशी ५–१० किलोमीटर, आणि समोरून वारा जवळजवळ शून्य. त्यामुळे माझा पहिला प्रश्न मापाचा नसतो. त्या वेळी कूलरमधून हवा कोण ओढणार, हे मी आधी विचारतो.

ऑटोमॅटिकमधली बहुतेक उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागात, तयार होते. इंजिन जोरात फिरतंय आणि चाकं हळू, म्हणजे मधला सगळा फरक तेल घुसळण्यात जातो आणि त्याची उष्णता होते. कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉक-अप क्लच लागला की ही घसरण थांबते, पण जुन्या गिअरबॉक्सना लॉक-अप असलाच तर तो वरच्या गिअरमध्ये. रेंज रोव्हरमध्ये १९८५ पासून आलेल्या झेडएफ ४एचपी२२ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तो फक्त चौथ्याला लागतो. चढावर त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून कूलर घेण्याआधीचा फुकटचा उपाय म्हणजे लो रेंज. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) लो मध्ये, म्हणजे त्याच्या हळू गिअरमध्ये, टाकला की तोच चढ कन्व्हर्टर कितीतरी कमी घसरत चढतो. हाय रेंजमध्ये तेल उकळवायचं आणि मग मोठा कूलर शोधत फिरायचं, असं करणारे मी कमी पाहिलेले नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे तापमानाचा गेज. तो आधी लावा, कूलर नंतर. सेन्सर संपमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, बसवला तर सरासरी तापमान कळतं. कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर बसवला तर कन्व्हर्टरमधून येणारं सगळ्यात गरम तेल दिसतं, आणि काटा घाबरवण्याइतका नाचतो. मला संपमधला आकडा आवडतो. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियस म्हणजे निवांत. ११५–१२० च्या पुढे तेल जळून आतल्या भागांवर चिकट थर बसू लागतो, त्याच्याही वर रबरी सील कडक होतात आणि १५० च्या आसपास क्लच प्लेट्सवरच संकट येतं. ८० च्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं हा ठोकताळा मेकॅनिक मंडळी वापरतात. तो ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. गेज चढावरही ९५ च्या वर गेला नाही, तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता मुख्य तुलना. कंपनीने दिलेला कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीतच दडलेला असतो. पाणी हवेपेक्षा उष्णता फार चांगली ओढून घेतं, म्हणून एवढासा कूलरही पुरतो. इंजिनचा पंखा रेडिएटरमधून हवा ओढतच असतो, त्यामुळे रांगतानाही तो काम करतो. शिवाय थंडीत सकाळी हेच पाणी तेलाला लवकर गरम करतं. मर्यादा एकच, पण मोठी: कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, ९० अंशांवर असेल तर तेल त्याच्या फार खाली जाऊच शकत नाही, आणि इंजिन तापायला लागलं की दोघं एकत्रच तापतात.

जुन्या गाडीत त्याचा खरा धोका वेगळाच आहे. टाकीतला कूलर गंजून फुटला की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब सहसा जास्त, म्हणून तेल पाण्यात शिरतं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब जातो, पण गरम कूलंटचा राहतो, म्हणून पाणी गिअरबॉक्समध्ये. डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखं काही दिसलं तर तेच समजा. क्लच प्लेट्सवरचं अस्तर डिंकाने चिकटवलेलं असतं आणि ते पाण्याने आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलने सुटतं. म्हणजे रेडिएटरची गळती शेवटी गिअरबॉक्स खोलायला लावते. वीस-पंचवीस वर्षांचा मूळ रेडिएटर अजून तसाच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी तो बदला, नाहीतर तेलाची लाइन त्याच्यातून पूर्ण काढून घ्या.

बाहेरच्या हवेवरच्या कूलरमध्ये ही भीती नाही. त्याचे तीन प्रकार मिळतात. नळी आणि फिन्सचा (पातळ पत्र्यांचा) साधा कूलर सगळ्यात कमी कार्यक्षम, पण फिन्स विरळ असल्याने चिखल पाण्याच्या फवाऱ्याने सहज निघतो आणि फांदी लागली तरी लवकर फुटत नाही. एकावर एक रचलेल्या प्लेट्सचा कूलर त्याच आकारात बराच जास्त काम करतो. त्यात तेल अनेक वाटांनी वाहतं, म्हणून तेलाचा दाब फारसा घटत नाही. पण चिखल आणि गवताच्या बिया त्याच्या जाळीत घट्ट बसतात. प्लेट-फिन हा या दोघांच्या मधला. चिखलातच फिरणाऱ्याने साध्या नळीच्या कूलरला नावं ठेवू नयेत. वाळू आणि लांब चढ असतील तर प्लेट्सवाला घ्या.

जागेचा निर्णय मात्र प्रकारापेक्षा महत्त्वाचा. रेडिएटरसमोर बसवला तर इंजिनचा पंखा त्यातूनही हवा ओढतो, वायरिंग लागत नाही, बिघडायला काही नाही. बदल्यात रेडिएटरला थोडी गरम हवा मिळते. कूलिंग आधीच काठावर असलेल्या इंजिनला ते जाणवतं. आणि रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या आरपार घालून कूलर टांगू नका. गाडी हादरते, पट्टी घासते, आणि एक दिवस नळीला भोक पडतं. ब्रॅकेट आणि रबर बुश वापरा.

दुसरा पर्याय म्हणजे कूलर दूर, चॅसिसच्या कडेला किंवा मागे, स्वतःच्या इलेक्ट्रिक पंख्यासह. इंजिनला त्रास नाही आणि गाडी उभी असतानाही तेल थंड होतं. पण इथे पंखा हीच सगळी भिस्त. तो थर्मोस्विचवर, म्हणजे तापमानानुसार चालू-बंद होणाऱ्या स्विचवर, हवा, आणि पाण्यातून जाताना बंद करायला डॅशवर वेगळा स्विच हवा, कारण फिरता पंखा पाण्यात बुडला की पाती वाकतात किंवा मोटर जाते. लांब पाइप म्हणजे दगडाला लागायची जागाही जास्त. पंख्याशिवाय गाडीखाली टांगलेला कूलर मी कोणालाच सुचवणार नाही. हायवेवर तो छान दिसतो, आणि तिथेच त्याची गरज नसते.

रेडिएटर नवा असेल तर दोन्ही एकामागोमाग जोडणं मला सगळ्यात पटतं. गरम तेल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून, मग गिअरबॉक्सकडे परत. थंड प्रदेशात उलट क्रम लावणारे आहेत, म्हणजे शेवटी रेडिएटरच तेलाला योग्य तापमानावर आणतो. रेडिएटर वगळला असेल आणि हिवाळा कडक असेल, तर तेल गरम होईपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट घालाच. तो बंद असतानाही थोडं तेल कूलरमधून सोडणारा निवडा, म्हणजे लाइनमध्ये हवा अडकत नाही. बारमाही उष्ण हवामानात हा खर्च टाळला तरी चालतो.

होजवर कंजूषी नको. साधा पेट्रोलचा पाइप गिअरबॉक्सच्या गरम तेलाला टिकत नाही. ट्रान्समिशनच्या तेलासाठीचाच होज घ्या, आतला व्यास मूळ पाइपपेक्षा कमी नको. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये कूलरमधून परतलेलं तेलच आतल्या बुश आणि गिअरना वंगण देतं. वाट अरुंद झाली तर थंड ठेवण्याच्या नादात आपणच गिअरबॉक्स कोरडा पाडतो. याच कारणाने, गिअरबॉक्स एकदा आतून फुटला असेल तर जुना कूलर फेकून द्या. त्यातला धातूचा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही.

मॅन्युअलवाल्यांसाठी उत्तर छोटं आहे: बहुधा नको. तिथे कन्व्हर्टर नाही, आणि बहुतेक बॉक्समध्ये गिअर तेल उडवतात, पंप नसतो. कूलर लावायचा तर इलेक्ट्रिक पंप, त्याआधी जाळी आणि थंड घट्ट तेलात पंप चालू होऊ नये म्हणून थर्मोस्विच, एवढं सगळं आलं. लँड रोव्हरचे एलटी७७ आणि आर३८० हे मॅन्युअल गिअरबॉक्स अपवाद आहेत. त्यांच्यात स्वतःचा तेलाचा पंप आहे आणि काही गाड्यांत कंपनीनेच कूलर जोडलेला असतो. तसा नसेल तर योग्य तेल, योग्य पातळी, आणि त्यातूनही गरम होत असेल तर बेअरिंग तपासा.

कूलर बसवल्यावर तेल वाढवावं लागतं, कारण कूलर आणि पाइप आपला वाटा घेतात. थोडं घाला, इंजिन चालू करा, लिव्हर सगळ्या जागांवर फिरवा, मग पातळी बघा. कोणत्या जागेवर बघायची हे गिअरबॉक्सवर आहे. जुन्या जीपमधल्या क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकमध्ये पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे तेल जात नाही, म्हणून पातळी न्यूट्रलमध्ये बघतात. चढावर तापल्यावर थांबून तेल थंड करायचं तेही न्यूट्रलमध्येच, हँडब्रेक ओढून आणि चाकाखाली दगड लावून.