डिकीवर ‘टर्बो’, आरसीवर १४९७

जुनी सेडान बघायला निघालेल्या सोलापूरकरांनी हे आधी वाचावं. माझे दोन लाख जास्तीचे गेले, तुमचे जाऊ नयेत.

मार्च २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई वर्नात पेट्रोलची दोन इंजिनं होती आणि बोलताना दोन्हींना ‘दीड लिटर’च म्हणतात. साधं इंजिन १४९७ सीसी, ताकद ११५ पीएस. टर्बो, म्हणजे जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवलेलं इंजिन, १४८२ सीसी, १६० पीएस. सहा गिअरची मॅन्युअल दोन्हींत मिळायची. फसवणाऱ्याला एवढं पुरतं.

शहरातल्या एका व्यापाऱ्यानं मला ‘टर्बो’ म्हणून मॅन्युअल वर्ना दाखवली. डिकीवर अक्षरं, पुढच्या चाकांत टर्बोची खूण असलेले लाल कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे चिमटे. चालवून बघितली ती सात रस्त्याजवळ, संध्याकाळच्या गर्दीत. तिसऱ्या गिअरच्या वर जाताच आलं नाही. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी कार्ड, मागितली तर “मालक, कागद एजंटकडं आहेत” म्हणत त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, फक्त पुढच्या बाजूचा. सीसी स्मार्ट कार्डाच्या मागच्या बाजूला असते. विम्याच्या हप्त्यावरूनही शंका आली नाही, कारण थर्ड पार्टीसाठी दोन्ही इंजिनं १००० ते १५०० सीसीच्या एकाच गटात बसतात.

आठवड्यानं आई-वडिलांना घेऊन तुळजापूरला निघालो. घाटात चौथ्या गिअरला गाडी दमली. तिसरा टाकला, तरी रडतखडतच चढली. टर्बोचा २५३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १५०० आरपीएमपासून (मिनिटाला इंजिनाचे फेरे) हाताशी असतो. साध्या इंजिनाचा जेमतेम १४४, तोही ४५०० ला. आईसमोर काही बोललो नाही, पण दर्शनाच्या रांगेत डोक्यात तेच फिरत होतं.

परत आल्यावर ओळखीच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि विचारलं, “दादा, टर्बो कुठाय यात?” मग त्यानं कॅलिपर नखानं खरवडला. लाल रंगाची खपली निघाली. पुढे माझ्या नावावरची आरसी आली, तिच्यावर १४९७.

व्यापारी आता म्हणतो, “मी टर्बो म्हणलोच नव्हतो.” पावतीवर त्यानं ‘वर्ना १.५’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून सांगतो, आरसीची मागची बाजू स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकनचा एक रुपयासुद्धा देऊ नका, पावतीवर सीसी लिहून घ्या, आणि बॉनेट आपल्या मिस्त्रीकडूनच उघडून घ्या.

त्यानं पाठवलेला ‘टर्बो आहे मालक’ हा मेसेज मी जपून ठेवलाय. ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते. माझी तक्रार गेल्या आठवड्यात दाखल झाली, मेसेजची प्रत जोडूनच.