हनोईतलं कोपऱ्यावरचं फो: थंडीभर खाऊन झाल्यावर

सातपूरच्या आमच्या कंपनीने मशीन बसवायच्या कामाला हनोईला पाठवलं आणि मुक्काम लांबत गेला. त्या काही महिन्यांत सकाळचा नाश्ता जवळजवळ रोज एकाच दुकानात झाला. नाशिकहून हल्ली बरेच जण व्हिएतनामला फिरायला जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

होआन किएम तळ्याभोवतीच्या पर्यटकांच्या हॉटेलांत फो, म्हणजे रश्श्यातले तांदळाचे नूडल्स, खाल्लं होतं, ठीकठाक वाटलं. हे दुकान मात्र आम्ही राहायचो त्या गल्लीच्या तोंडाशी. पाटी मळकी, बसायला बुटकी प्लास्टिकची स्टुलं. पण सकाळी साडेसहाला शाळेची पोरं, वॉचमन, ऑफिसवाले सगळे तिथे वाडग्यावर वाकलेले दिसले, म्हणून शिरलो.

मी बीफ खात नाही. फो बो म्हणजे बीफचं आणि फो गा म्हणजे चिकनचं, एवढं पाठ करून जा. इथे फक्त फो गा मिळतं, त्यामुळे माझी चिंता मिटली. शाकाहारी मंडळींनी मात्र वेगळं शाकाहारी दुकानच शोधावं. मांस काढून द्या म्हटलं तरी रस्सा हाडांचाच असतो, शिवाय त्यात फिश सॉस पडतो.

काचेच्या पेटीत पिवळसर कातडीच्या उकडलेल्या अख्ख्या कोंबड्या टांगलेल्या असतात. मावशी तांदळाचे ओले, चपटे नूडल्स जाळीच्या झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवते, झटकते, वाडग्यात टाकते. वर चिकनचे काप, कांद्याची पात आणि अगदी बारीक चिरलेली लिंबाची पानं. मग रस्सा. वाफ लागली की पहिला वास त्या पानांचाच येतो, आणि नुसत्या त्या वासाने भूक खवळते.

रस्सा दिसायला पातळ, पण हाडं मंद आचेवर तासन्‌तास उकळलेली असतात. आपण वाटणासाठी कांदा विस्तवावर भाजतो तसाच इथेही कांदा आणि आलं भाजून घेतात, फक्त वाटत नाहीत, तसंच पातेल्यात सोडतात. मिसळीला सरावलेल्या जिभेला पहिला घोट सौम्य लागेल. तरी मिरचीला लगेच हात घालू नका. आधी नुसता रस्सा प्या, मग चमचाभर लसणाचा व्हिनेगर घाला. दक्षिण व्हिएतनाममध्ये, सायगावकडे येतो तसा मोड आणि तुळशीसारख्या पाल्याचा ढीग हनोईत नसतो. सगळी मदार रश्श्यावर, आणि या दुकानाचा रस्सा एकदाही फसला नाही. माझ्या लेखी हीच त्याची सर्वांत मोठी गोष्ट. सोबत क्वाय, म्हणजे तळलेल्या मैद्याच्या कांड्या, बुडवून खायला जरूर घ्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हनोईत दिवसदिवस भुरभुर पाऊस असतो. आपली थंडी कोरडी, ऊन आलं की पळते. तिथला गारठा कपड्यांतसुद्धा मुरतो. त्या दिवसांत हा वाडगा म्हणजे खरा आधार होता.

उणिवाही आहेत. पायाखाली टिश्यू आणि लिंबाच्या फोडी पडलेल्या असतात, ते सगळ्यांना चालणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांना त्या स्टुलांवरून उठणं अवघड जाईल. तेतच्या सणात, म्हणजे त्यांच्या नववर्षात, दुकान बरेच दिवस बंद होतं. एका वाडग्याला 50,000 डोंग, आपले साधारण 170 रुपये. पोट भरतं, त्यामुळे महाग म्हणणार नाही.

नाशिकला परतल्यावर गावरान कोंबडीचा रस्सा करून पाहिला. कागदी लिंबाची पानं चालून गेली, पण कोरडे नूडल्स भिजवून तो मऊपणा येत नाही. जाणार असाल तर सातच्या आत पोहोचा आणि बोटाने दाखवून मांडीचं मांस मागा. नऊनंतर बहुतेक छातीचंच उरतं.