भूमितीच्या तासाला जिओजेब्रा: एका शिक्षकाचा अभिप्राय

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात 2001 मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेले जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर अव्यावसायिक वापरासाठी विनामूल्य आहे आणि संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. ज्या शाळांत नेटवर्कचा भरवसा नसतो, तिथे ही दुसरी बाब पहिलीपेक्षाही मोलाची ठरते.

त्याचे खरे बळ वर्तुळाच्या प्रकरणात दिसते. आंतरलिखित कोनाचा (ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावर असतो आणि भुजा वर्तुळाला छेदतात अशा कोनाचा) शिरोबिंदू माऊसने त्याच कंसावरून सरकवत नेला, तरी कोनाचे माप तसूभरही बदलत नाही, हे पडद्यावर पाहिलेला दहावीचा विद्यार्थी सिद्धतेकडे पाठांतराचा मजकूर म्हणून न पाहता ‘असे का होते’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहू लागतो. अर्थात, पडद्यावर दिसले म्हणजे सिद्ध झाले, असा समज मात्र वेळीच खोडून काढावा लागतो.

मापे मुळात दोनच दशांश स्थळांपर्यंत दिसत असल्याने त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कधी 180.01 अंश भरते. त्यावर वर्गात हमखास हात वर होतो आणि निकटनमूल्यावर, म्हणजे खऱ्या मापाच्या जवळच्या मूल्यावर, चांगली चर्चा घडते.

शिक्षकाच्या स्वतःच्या अभ्यासासाठी संकेतस्थळावरील इतर शिक्षकांच्या कृतिपत्रिका उघडून त्यांची रचना पायरीपायरीने पाहणे मला सर्वांत उपयुक्त वाटले. त्यांचा दर्जा मात्र फारच असमान आहे, त्यामुळे निवडीला वेळ द्यावा लागतो.