सेबीचे दंडाचे आदेश: वाचनीय, पण आकड्याचा हिशेब झाकलेला

खात्रीशीर परताव्याचे आमिष दाखवून शुल्क उकळणाऱ्या गुंतवणूक सल्लागारांची सांगलीतही वानवा नाही. विश्रामबागेत राहणारे आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक अशाच एकाच्या नादी लागून पैसे गमावून बसले, तेव्हा अशा मंडळींना शेवटी दंड किती होतो आणि तो ठरतो कसा, हे पाहण्यासाठी मी सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेच्या, संकेतस्थळावरील आदेश वाचू लागलो. हा अभिप्राय त्या आदेशांविषयी आहे.

आदेश विनामूल्य पाहता येतात, ही मोठीच सोय आहे. न्यायनिर्णय अधिकाऱ्याच्या (चौकशी करून दंड ठरवणाऱ्या सेबीच्या अधिकाऱ्याच्या) आदेशात आधी कारणे दाखवा नोटीस, मग संबंधितांचे म्हणणे, सुनावणी आणि पुराव्यांची छाननी येते. दंडाची रक्कम अगदी शेवटी. तेथे सेबी कायद्याच्या कलम १५-जे प्रमाणे तीन गोष्टी पाहिल्या जातात: गैरमार्गाने झालेला लाभ, गुंतवणूकदारांचे नुकसान आणि कसूर वारंवार झाली आहे का. हे तीनच निकष अंतिम नव्हेत, इतर परिस्थितीही विचारात घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

माझी तक्रार आहे ती याच भागाविषयी. फसव्या व अनुचित व्यवहारांसाठी कलम १५-एचए खाली किमान ५ लाख रुपये, तर कमाल २५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत दंड करता येतो. एवढ्या रुंद पट्ट्यात अधिकारी नेमक्या कोणत्या आकड्यावर का थांबला, हे वाचकाला समजायला हवे. परंतु अनेक आदेशांत लाभाची किंवा नुकसानीची निश्चित रक्कम नोंदींवरून काढता येत नाही, असे एक वाक्य येते आणि पुढच्याच परिच्छेदात दंडाचा आकडा उभा राहतो. पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. याउलट बेकायदा नफा परत करायला लावणाऱ्या आदेशांत खरेदी-विक्रीच्या तारखा, शेअरची संख्या, दर आणि नफा यांचे तक्ते असतात. कॅल्क्युलेटर घेऊन बसले तर बेरीज स्वतः ताडून पाहता येते. हे आदेश मला कितीतरी अधिक पटले.

भाषा इंग्रजी आणि कायद्याची, त्यामुळे ज्यांच्यासाठी हे वाचन सर्वाधिक उपयोगाचे, त्यांनाच ते जड जाते. पाचपैकी साडेतीन तारे.

एक गोष्ट आमच्या शिक्षकांनाही ठाऊक नव्हती. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, तक्रारदाराच्या खात्यात नव्हे. नोंदणीकृत सल्लागाराविरुद्ध स्वतःचे गाऱ्हाणे मांडायचे असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' प्रणालीवर तक्रार करावी. तिथे संबंधित संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यासाठी सल्लागाराचा 'आयएनए' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मात्र शुल्क देण्यापूर्वीच मागून, तो सेबीच्या यादीत पडताळून घेतलेला बरा.